लाद्यांखालचा सांधा

९ जानेवारी

बाईसाहेबांस,

तुमचं पत्र पोचलं. मला या वृद्धाश्रमात आणून सोडल्यापासूनचं हे पहिलंच. पाकीट जाड लागलं म्हणून वाटलं, बापाची आठवण आली असेल. उघडलं तर आठवण मोटारीची आली होती. मोटार चालते, आवाज करते, विहिरीत पाणी दिसतंय, पण नळाला थेंब नाही, आता काय करू? दोन्ही बाजूंनी भरलेल्या कागदावर माझी तब्येत विचारायला तुला सहीच्या वर बोटभर जागा सापडली. तब्येत चांगली आहे. काठी घेऊन चालतो. कान गेले ते गेलेच, म्हणून फोन करू नकोस. इथल्या बाई फोन माझ्या कानाला लावतात, मी "हो, हो" म्हणतो आणि नंतर कळतं की कशाला तरी होकार देऊन बसलोय. इथे यायलाही मी असाच हो म्हटलं होतं.

"थोडेच दिवस, बाबा, माझं मनगट बरं होईपर्यंत." हे मात्र तू पाटीवर लिहून दाखवलं होतंस, त्यामुळे ऐकण्यात चूक झाली म्हणता येणार नाही. मी न्हाणीघरात घसरलो, तू उचलायला धावलीस आणि तुझंच मनगट मोडलं. घरात दोन मोडकी माणसं झाली, त्यातलं एक बाहेर काढावं लागलं. कुठलं काढलंस ते दिसतंच आहे. मनगट आता जुळलं असेल. दवाखान्याच्या चादरी धुवायचं काम पुन्हा सुरू केलंस असं लिहितेस, म्हणजे जुळलंच. मग मला कधी नेणार यावर एक ओळ का नाही?

असो. मोटारीकडे वळू, तुला तेवढंच हवंय.

ती मोटार मी बसवली. छापखान्यात फोरमन होतो, यंत्राच्या पोटात काय दुखतं ते मला बाहेरून कळतं. आपल्या घरात परका माणूस पाना घेऊन कधी शिरला नाही आणि माझ्या हयातीत शिरणार नाही. प्लंबर बोलावलास तर बाप मेला समज. मी सांगेन तसं करायचं. एका पत्रात एकच काम सांगेन, कारण दोन सांगितली की तू तिसरंच करतेस.

पहिलं काम. मोटारीच्या डोक्यावर पितळी बूच आहे. ते काढ आणि आत पाणी ओत, बुडबुडे थांबेपर्यंत ओतत राहा. बूच घट्ट लाव. मग बटण दाब आणि काय होतं ते लिही. ओतायला पाणी कुठून आणू असं विचारू नकोस. विहीर उथळ आहे, दोर खुंटीला आहे, बादली तुझ्याकडे आहे. ओढ.

आणि ते लाद्यांचं काय? "तुमच्या खोलीत नव्या लाद्या बसवल्या, त्यानंतरच हे सुरू झालं," असं जाता जाता लिहिलंयस. माझ्या खोलीत. मला न विचारता. लक्षात ठेवलंय मी.

बाप,
खाट चौथी, खिडकीपासून लांब


२४ जानेवारी

बाईसाहेबांस,

घोटभर पाणी आलं, मग नुसता फेस, मोटारीने दोन आचके दिले आणि पुन्हा कोरडी. बरोबर. असंच होणार होतं.

तुझं पत्र माझ्या आधी शेजारच्या खाटेवरच्या माणसाने वाचलं. हा निवृत्त कंडक्टर आहे. जन्मभर लोकांना "पुढे सरका" म्हणण्यात गेला, आता दुसऱ्याच्या भानगडीत स्वतःच पुढे सरकतो. कागदावर मोठ्या अक्षरात लिहून मला दाखवलं, "पोरगी चांगली आहे हो. उन्हाळ्याच्या आत घरी नेते म्हणते." मी तोच कागद उलटा करून लिहिलं, "मोटार बंद पडल्यावर म्हणते."

तेव्हा आता स्पष्टच लिहितो. चार महिने तोंड उघडलं नाहीस. घशाला कोरड पडल्यावर बाबा घरी यायला हवे झाले. ही लाच आहे, आणि मी छापखान्यात कागदाच्या दलालाकडून साधा चहा घेतला नाही. मला घरी न्यायच्या गप्पा पुन्हा पत्रात आणू नकोस. नाक घासत आलीस तरी मी हलणार नाही. इथे उत्तम चाललंय. जेवण वेळेवर आहे, अंथरूण बदलतात, कोणी मला उचलायला येऊन स्वतःचे हात मोडून घेत नाही.

दुसरं काम नीट वाच. मोटार पाणी ओढते असं लोकांना वाटतं. ती पाइपातली हवा काढते, मग पाणी आपसूक वर चढतं. पाइपाला कुठे सुईएवढी फट असली की ती बाहेरची हवा पीत बसते आणि पाणी खालीच राहतं. हे तुला लहानपणी शिकवलं होतं. मी तुला भोक पाडलेली नळी दिली आणि सरबत पी म्हटलं. तू ओढ ओढ ओढलंस, काही येईना, रडायला लागलीस. तुझी आई मला तोडून बोलली. मी नळी बदलून दिली नाही, भोक शोधायला लावलं. ते तू बोटाने शोधलंस आणि त्यावर बोट धरून पूर्ण पेला संपवलास. आता तेच करायचं. फट शोधायची.

मोटारीचा दांडा जिथून आत जातो तिथे त्याच्याभोवती मेणाची दोरी गुंडाळलेली असते. ती झिजली की तिथून हवा जाते. जुनी दोरी आकड्याने उपटून काढायची, नवी घालायची. हे काम जावईबापूंना दे. दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावतात, एवढं दिसायला हरकत नाही.

बाप


९ फेब्रुवारी

बाईसाहेबांस,

जावईबापूंनी दोरी बदलली आणि इतकी आवळली की दांडा तापून धूर निघाला. वा. मी म्हटलं दोरी घाला, ते फास घालून आले. दोन्ही नट अर्धा अर्धा आटा सैल करायला सांग, थेंब थेंब पाणी गळेल इतपत. ते गळायलाच हवं, त्यावर दांडा थंड राहतो.

पण मूळ रोग तसाच आहे म्हणतेस. फेस येतो, आचके देते, बसते.

तुझं मनगट सुजलंय हेही वाचलं. दिवसभर बादल्या ओढून चादरी धुतेस, रात्री हात उशीवर ठेवून झोपतेस, मुठीत साबणही धरवत नाही. कोमट पाण्यात मीठ घालून हात बुडवून ठेव. पाणी अर्थात आधी ओढावं लागेल. कंडक्टरने हे वाचून माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच तुझा हात पिरगाळला. त्याला तीन मुलगे आहेत, एकही येत नाही. म्हणून दुसऱ्याच्या मुलीचा पुळका.

तुला आठवतं, कान गेल्यावर मी मोटार कशी ऐकायचो? सकाळी खाटेवरून उतरून तळवे जमिनीला लावून बसायचो. तुझ्या आईला अंगणातून पाइप नको होता, कपडे वाळत घालताना पायात येतो म्हणायची, म्हणून मी तो घराखालूनच नेलेला. तू बटण दाबलंस की माझ्या तळव्याखाली बारीक थरथर यायची. पाण्याने भरलेल्या पाइपाची थरथर जड असते, हवा शिरली की हलकी होते. मी खोलीतून ओरडायचो, "बंद कर, हवा धरलीय," आणि तू येऊन पाटीवर लिहायचीस, "बाबा, तुम्हाला कसं कळलं?" जावईबापू हसायचे. आता हसा म्हणावं.

तिसरं काम. विहिरीतल्या पाइपाच्या तळाला एक झडप आहे, जाळीच्या आत. पाणी वर येऊ देते, परत खाली जाऊ देत नाही. तिच्यात कचरा अडकला किंवा तिचं चामडं कुजलं की पाइप रिकामा होतो. तो पाइप आख्खा वर काढायचा. जड आहे. एकट्याचं काम नाही. जावयाने दोर धरायचा आणि तू पाइप सावरायचा. हात दुखतोय हे मला माहीत आहे, पुन्हा लिहू नकोस.

आणि माझ्या खोलीत लाद्यांशिवाय आणखी काय काय केलंस ते सविस्तर लिही. मोटारीसाठी विचारतोय, दुसरं काही मनात आणू नकोस.

बाप


१ मार्च

बाईसाहेबांस,

पत्र वाचून बऱ्याच दिवसांनी पोटभर हसलो. इथल्या मावशी औषध घेऊन आल्या होत्या, त्यांना वाटलं मला ठसका लागला.

म्हणजे जावईबापू काठावर ओणवे झाले, दोर सुटला, पाइप खाली, त्यांचा चष्माही खाली, आणि चष्म्याच्या दुकानातला माणूस दोन दिवस भिंत चाचपत दुकानात गेला. पाइप पुन्हा काढलात. तुझी बोटं काठावर चेंगरली. आणि झडप बघता तर ठणठणीत. चामडं मऊ, जाळी स्वच्छ, आत साधं पानसुद्धा नाही.

झडप ठणठणीत असणार हे मला माहीत होतं. मागच्या वर्षी मीच बदललीय ती, पडायच्या आधी.

रागावलीस? रागाव. आता कळलं असेल, एखाद्याला "थोडेच दिवस" सांगून ताटकळत ठेवलं की कसं वाटतं. मला रोग पहिल्याच पत्रात कळला होता. तुझ्याच एका ओळीत होता. तू लिहिलंस आणि तुलाच दिसला नाही.

पण त्याआधी खोलीचं बोलू. तू खोलीचं वर्णन लिहिलंयस ते मी तीनदा वाचलं. लाद्या खरखरीत घेतल्या. दार रुंद केलं. न्हाणीघर खोलीलाच जोडून काढलं, आत भिंतीला स्टीलचा दांडा ठोकला. दिव्याचं बटण खाटेच्या उंचीवर आणलं. एवढी हौस कोणासाठी? स्वतंत्र न्हाणीघर, रुंद दार, सामान आत न्यायला सोपं. मला अक्कल नाही असं वाटतं का? भाडेकरू ठेवतेयस. दवाखान्यातलीच कोणी नर्स असेल, चादरींच्या ओळखीतली. माझी खाट हलली नाही तोच तिचं भाडं ठरलं.

कंडक्टर ऐकेना. त्याने पानभर लिहिलं. "अहो फोरमन, खरखरीत लादी ओली झाली तरी माणूस घसरत नाही. दांडा धरून उठता येतं. रुंद दारातून चाकाची खुर्ची जाते. हे सगळं तुमच्यासाठी आहे." मी त्याला सांगितलं, तुमचं आयुष्य तिकिटं फाडण्यात गेलं, बांधकामातलं तुम्हाला काय कळतंय. त्याने खाली लिहिलं, "विचारा तरी तिला." 

म्हणून विचारतो. खोली कोणासाठी? सरळ लिही. मग पाण्याचं सांगेन.

बाप


१८ मार्च

बाईसाहेबांस,

तुझं उत्तर पोचलं. कार्डावर, चार ओळींत.

"खोली कोणासाठी ते तुम्हीच ठरवा. तुम्हाला सगळं आधीच कळतं. मी एकदा सांगितलं होतं, तुम्ही त्याला लाच म्हणालात. दवाखान्याने या आठवड्यात पाणी आलं नाही तर काम दुसऱ्याला देणार असं कळवलंय. शेवटचं विचारते, पाणी कुठे अडलंय?"

जीभ माझीच घेतलीस, यात शंका नाही. कंडक्टरने लिहून दाखवलं, यात उत्तर आहे. मला दिसलं नाही. "तुमच्यासाठी" हा एक शब्द लिहायला शाई संपली असती का? लिहिला नाहीस, म्हणजे तसं नाही. मी असाच हिशोब करतो.

आता वाच आणि सांगितल्यासारखं कर.

माझ्या खोलीत खिडकीखाली, भिंतीपासून दोन वितींवर, जुन्या जमिनीत एक लादी सुटी होती. मी ती कधी सिमेंटने बसवली नाही. तिच्याखाली पाइपाचा सांधा आहे. विहिरीकडून आलेला पाइप आणि मोटारीकडे गेलेला पाइप तिथे जोडलेत. दर वर्षी लादी उचलून तो सांधा मी हाताने आवळायचो, तू कधी बघितलं नाहीस कारण तू शाळेत असायचीस. तुझ्या गवंड्याने नव्या लाद्या बसवताना तिथे धुमसाने ठोकलं. सांधा हलला. त्या दिवसापासून मोटार हवा पिते. झालं. एवढंच होतं.

लादी फोड. एक फोडून भागायचं नाही. खिडकीपासून नव्या न्हाणीघरापर्यंत आख्खा पट्टा काढ, आणि बाजूला भिंतीच्या पायापर्यंत माती उपस. पाइप मोकळा दिसला पाहिजे. अर्धवट खणलंस तर पुन्हा हवा धरेल आणि मग मला लिहू नकोस. हात राखू नकोस. नवीन लाद्या आहेत म्हणून जीव तुटेल, तुटू दे. माझ्या जुन्या फोडताना तुटला नव्हता.

हे कंडक्टरला वाचायला दिलं. त्याने एक अडाणी प्रश्न विचारला, तो इथे लिहिण्याजोगा नाही. मग हे पत्र टाकाल का विचारलं तर त्याने हात मागे घेतला. कागदावर लिहिलं, "मी नाही टाकणार. एक रात्र थांबा." मी थांबणार नाही. झाडूवाल्या बाईकडे देतोय, ती दुपारी पोस्टावरूनच जाते.

भाडेकरणीला सांग, खोलीत जरा धूळ असेल. बाबांनी पाठवली आहे.

बाप


६ एप्रिल

टिकले,

बऱ्याच दिवसांनी या नावाने हाक मारतोय. तू एवढीशी होतीस तेव्हा तुझी आई ठेवून गेलेलं नाव. तुला चालत नसेल तर खोडून वाच.

पाणी आलं, चांगलं झालं. सांधा मी म्हटलं तिथेच सापडला, तेही वाचलं. म्हणजे मी बरोबर होतो. कंडक्टरला दाखवलं. तो उशी उलटी करून भिंतीकडे तोंड करून पडला.

तुझ्या पत्रातल्या बाकीच्या गोष्टींची उत्तरं देतो, क्रम तुझाच ठेवतो.

तू प्लंबर आणलास. मी काय लिहिलं होतं ते तुला आठवत होतं आणि तरीही आणलास. असू दे. तुझ्या एका हाताने सांधा आवळून होणार नव्हता. त्याने खोलीत येऊन आधी विचारलं म्हणतेस, "हे सगळं फोडलं कशाला? बाहेरून भिंतीलगत नवीन पाइप टाकला असता तर अर्ध्या दिवसाचं काम होतं, आतला बंद करून सोडायचा." आणि तू मला विचारतेस, "बाबा, हे तुम्हाला माहीत नव्हतं?"

उघड्यावरचा पाइप उन्हात तापतो. सांधे सुटतात. शिवाय तुझ्या आईला आवडलं नसतं. प्लंबर लोकांना घाई असते, त्यांचं ऐकू नये.

भिंतीचं वाचलं. पाया उघडा पडल्यावर आतली माती ओली निघाली, इतके दिवस सांध्यातून थोडं थोडं पाणीही झिरपत होतं ते तिथेच मुरलेलं, आणि खिडकीखालून छतापर्यंत भेग गेली. गवंडी म्हणतो, पाऊस होऊन माती बसेपर्यंत हात लावायचा नाही आणि खोलीत कोणी झोपायचं नाही. माझं लिहिणं तू अक्षरशः पाळलंस, पायापर्यंत. एवढं खोल जायची गरज नव्हती हे तुला कोणी सांगितलं नाही. सांगायला मीच होतो.

इथल्या बाईंनी मला बोलावून पाटीवर लिहून दाखवलं, तू माझी खाट पुढच्या वर्षापर्यंत ठेवून घेतलीस. मी हो म्हटलं. या वेळी नीट वाचून म्हटलं.

तुझ्या पत्रातलं हे मात्र मला पाठ झालंय. "खोली आता चादरी वाळत घालायला घेतली आहे. खड्ड्यात वाळू भरली, वर फळ्या टाकल्या, आणि आडव्या दोऱ्या बांधल्या. न्हाणीघरातला दांडा काढून खिडकीत लावला. पिळलेले टॉवेल टाकायला बरा पडतो. तुमच्यासाठी जाड बघून आणला होता, तुमचं वजन पेलेल असा. टॉवेलचं वजन तेवढं नसतं."

मी फोरमन होतो तेव्हा पोरं माझ्या तोंडाला भ्यायची. असं मला एकदाही लिहिता आलं नसतं.

खोलीचा फोटोही मिळाला. मागे लिहिलंयस, "खोदायच्या आदल्या दिवशी काढला. तुम्हाला घरी आल्यावर दाखवणार होते, आता घरी येणं नाही म्हणून पाठवते." फोटो मी उशीखाली ठेवलेला नाही. कपाटात ठेवलाय, चष्म्याच्या डबीखाली.

मोटारीची काळजी घे. आठवड्यातून एकदा दोरीचा थेंब बघ. थेंब थांबला तर नट सैल कर, धार लागली तर आवळ. आणखी काय होतं ते कळव.

तुझा बाप


३ ऑगस्ट

टिकले,

एप्रिलनंतर तुझं पत्र नाही. म्हणजे मोटार चांगली चालली असणार. तू बिघाड असल्याशिवाय लिहीत नाहीस हे मला माहीत आहे. मी तुला एका पत्रात एकच काम सांगायचो, ते तू गोंधळ घालशील म्हणून नव्हतं. एवढं आता लिहायला हरकत नाही.

पावसात विहीर काठोकाठ आली असेल. गढूळ पाणी मोटारीने घेऊ नये, जाळी वर उचलून बांधायची. दोरी जावयाकडून बांधून घे, चष्मा आधी काढून ठेवायला सांग. पाणी चढलं की मोटार आवाज बदलते, घाबरू नकोस. आवाज जास्तच वाटला तर लिही. कमी वाटला तर लिही. बूच गळत असेल, बटण दाबल्यावर दिवे मंद होत असतील, पाइपाला घाम येत असेल, यातलं काहीही असेल तर लिही. मी ताबडतोब उत्तर देईन, सगळी कामं एकदम सांगेन. नुसतं तपासून बघ. इतकी जुनी मोटार आहे, काही ना काही सापडेल.

कंडक्टर गेल्या महिन्यात गेला. त्याची खाट अजून रिकामी आहे. त्याने विचारलेला प्रश्न मी तेव्हा तुला लिहिला नव्हता. त्याने विचारलं होतं, "बाहेरून पाइप नेता येत नाही का?"

तू पाठवलेला खोलीचा फोटो मी रोज बघत नाही, पण काल बघितला. खाट तू उशाकडून खिडकीला लावून ठेवली होतीस, जुन्या जागेपासून हातभर सरकवून. मला आधी वाटलं, जागा चुकली. मग डोक्यात मोजत बसलो, भिंतीपासून दोन विती, खाटेच्या कडेपासून एक. सकाळी उतरलो असतो तर दोन्ही तळवे नेमके त्या सांध्यावर पडले असते. सांध्याचं तुला ठाऊक नव्हतं, तरी थरथर कुठे जास्त लागते ते शोधून ठेवलं होतंस. अनवाणी उभी राहून, बटण दाबायला जावयाला पाठवून. हात सुजलेला असताना.

आज सकाळी मी खाटेवरून उतरलो आणि पाय टेकवून बसलो, सवयीने. मावशींनी खुणेने विचारलं, काही हवंय का. मी नाही म्हटलं. इथली फरशी गुळगुळीत आहे. बराच वेळ बसलो, पण खाली काही चालू नव्हतं.

बाबा